कंबर नेमकी कुठे असते?

आपली कंबर नेमकी कुठे आहे, हा प्रश्न गुरुनाथ सबनीसला पन्नाशीला टेकेपर्यंत कधी पडला नव्हता. पँट जिथे थांबते ती कंबर, अशी साधी सोपी व्याख्या त्याच्याजवळ होती आणि तेवढ्यावर त्याने पुण्यात इंजिनिअरिंग केलं, लग्न केलं, न्यूझीलंडला येऊन टाकानिनीत घर घेतलं. त्यामुळे शनिवारी सकाळी मोरागचा मेसेज आला, "गुरू, तुझी कंबर किती?", तेव्हा त्याने चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. जीन्सच्या आतलं लेबल उलटून पाहिलं आणि कळवून टाकलं : छत्तीस.

मोराग सिंक्लेअर म्हणजे जवळच्याच एका पाइप बँडची प्रमुख. सत्तरी ओलांडलेली, कण्याने ताठ, हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई. गुरुनाथची बायको दमयंती ओटाहुहूच्या एका फार्मसीत फार्मासिस्ट होती आणि मोराग तिथे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची. सप्टेंबरात दमयंतीने तिला सहज गणपतीला बोलावलं. ती मराठी मंडळाच्या हॉलवर आली, दोन मोदक खाल्ले, आणि मग गुरुनाथने ढोल गळ्यात अडकवून पहिला ठोका दिला तशी हातातली बशी बाजूला ठेवून उभी राहिली. वाजवणं संपल्यावर ती थेट त्याच्याकडे आली.

"हे तुला चालता चालता वाजवता येतं?"

"चालता चालताच वाजवतात," गुरुनाथ धापा टाकत म्हणाला.

"आमच्या रॉनचं खुब्याचं ऑपरेशन आहे. नोव्हेंबरात आमचा स्कॉटिश दिवस आहे. बँड आहे, बॅगपाइप आहेत, आणि मोठा ड्रम वाजवायला माणूस नाही."

गुरुनाथला नवीन गोष्टीचं भारी कुतूहल. विचारलं तर आधी हो म्हणायचं आणि कशाला हो म्हटलं ते नंतर बघायचं, अशी त्याची रीत होती. या वेळीही तो हो म्हणाला. बॅगपाइपवाले नेहमी काय नेसतात, हे त्याला घरी येताना मोटरवेवर आठवलं.

"म्हणजे तू स्कर्ट घालणार?" दमयंतीने गाडी चालवता चालवता विचारलं.

"किल्ट. स्कर्ट म्हटलं तर चिडतात म्हणे ते लोक."

मागच्या सीटवरून मैत्रेयीने कानातला इअरफोन काढला. ती पंधरा वर्षांची होती, जन्मली इथेच. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून येताना इंग्रजीच यायचं. "डॅड, प्लीज. नॉट निअर माय स्कूल."

किल्ट आला तो झिपच्या एका लांबलचक पिशवीतून. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, लोकरीचा, आणि उचलायला जाल तर ओल्या गोधडीइतका जड. मागच्या बाजूला चुण्याच चुण्या, पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक. आतल्या पल्ल्याला एक पट्टा, बाहेरच्याला एक, दोन्हींना बक्कल.

"आठ वार कापड असतं यात," गुरुनाथने वाचून दाखवलं.

"मग नऊवारीला एकच वार कमी की," दमयंती म्हणाली. "नेस बघू."

गुरुनाथने तो गुंडाळला. आतला पट्टा ओढला, ओढला, श्वास आत घेतला, आणखी ओढला. पट्टा आणि बक्कल एकमेकांना बघू शकत होते, पण भेटू शकत नव्हते. दोघांच्या मध्ये वीतभर गुरुनाथ उरला होता.

"तू छत्तीसच सांगितलंस ना?"

"लेबलवर आहे छत्तीस!"

त्याच वेळी हिल्सबरोहून गुरुनाथचा मित्र प्रमोद केतकर आला. तो आला होता मिक्सर परत द्यायला. पण प्रमोद आयटीत होता, आणि कुठलीही अडचण समोर दिसली की ती सोडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. त्याने गुरुनाथभोवती एक चक्कर मारली.

"गुऱ्या, पँट कुठे घालतोस तू?"

"इथे." गुरुनाथने पोटाच्या खाली हात दाखवला.

"आणि हे कुठे बांधतोयस? पोटावर! मग कसं बसणार? खाली घे."

किल्ट खाली घेतला. पोट वरच्या मजल्यावर मोकळं झालं आणि दोन्ही बकलं टक टक करून लागली. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मग सगळ्यांचं लक्ष खाली गेलं. किल्टची किनार गुडघे ओलांडून अर्ध्या पोटरीपर्यंत पोचली होती.

मैत्रेयी फ्रिजमधून दूध काढायला आली आणि दारातच थबकली. "ओह माय गॉड. यू लुक लाइक अ कर्टन."

"घेर बरोबर, लांबी चूक," प्रमोदने निदान केलं. "म्हणजे प्रॉब्लेम लांबीचा आहे. लांबी कमी करा. झालं."

दमयंतीला ते फारसं पटलं नाही. "अरे, परक्याची वस्तू आहे. विचारू या का मोरागला?"

"कापायचं थोडंच आहे? आतून दुमडायचं. काम झालं की उसवायचं. तिला कळणार पण नाही."

प्रमोद चहा पिऊन गेला. दमयंतीने पुढच्या दोन संध्याकाळी त्या आठ वारांना हात घातला. प्रत्येक चुणी वेगळी धरायची, आत दुमडायची, टाका घालायचा, इस्त्री फिरवायची. तिसऱ्या चुणीपासून तिने प्रमोदचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि शेवटच्या चुणीपर्यंत ती त्याच्या कॉलेजपर्यंत पोचली होती. पण काम सुबक झालं. किनार बरोबर गुडघ्याच्या वाटीवर आली. गुरुनाथ तशाच अवतारात पत्रपेटीपर्यंत जाऊन आला. वारा पायांना लागत होता. शाळा सुटल्यानंतर पोटऱ्यांवर असा वारा त्याला कधी लागला नव्हता. मजा आहे की ही, असं त्याला वाटलं.

मंगळवारी स्काउट हॉलमध्ये सराव होता. गुरुनाथ आत शिरताच हेमी नावाचा धिप्पाड माओरी पायपर "किया ओरा, ब्रो!" म्हणून हसत पुढे आला, आणि त्याची नजर गुरुनाथच्या पोटावरून खाली घसरत गेली. तो नुसताच बाजूला झाला, कारण मागून मोराग येत होती.

"गुरू," ती म्हणाली, "हा तू कुठे घातला आहेस?"

"कंबरेवर."

"ही कंबर नाही. हे ढुंगण आहे."

हॉलमध्ये कुठेतरी एक बॅगपाइप आचका देऊन गप्प झाला.

मोरागने त्याच्या बेंबीच्या जरा वर बोट टेकवलं. "कंबर ही. बरगड्या संपतात आणि कुल्ले सुरू व्हायचे असतात, त्याच्या मध्ये माणूस जिथे वाकतो ती. किल्ट इथे बसतो. पँटची कंबर ही पँटवाल्यांची सोय आहे." एवढं बोलून, अनेक वर्षं पेशंट उचललेल्या हातांनी तिने किल्ट दोन्ही बाजूंनी धरला आणि हिसका देऊन वर ओढला.

किल्ट वर गेला. त्याच्याबरोबर किनारही वर गेली. गुडघे मागे पडले, मांड्या आल्या, आणि बऱ्याच मांड्या येऊन गेल्यावर ती थांबली. आता गुरुनाथ टेनिस खेळणाऱ्या मुलीसारखा दिसत होता. फक्त मिशी तेवढी वेगळी होती.

"गुडघे टेक," मोराग म्हणाली.

"काय?"

"उभ्या माणसाच्या किल्टवर विश्वास ठेवायचा नाही. उभा माणूस पोट आत घेतो, वाकून बघतो, खोटं बोलतो. गुडघे टेकून ताठ राहायचं, समोर बघायचं. किनार जमिनीला लागता लागता राहिली, बोटभर वर, तर लांबी बरोबर."

गुरुनाथने गुडघे टेकले. मोरागनेही शेजारी कुरकुरत गुडघे टेकले आणि वाकून पाहिलं. किनार आणि जमीन यांच्यामधून एखादं मांजर आरामात गेलं असतं. तिने किनार उलटी केली. आत दमयंतीचे बारीक, एकसारखे टाके एका ओळीत होते.

"हे कोणी केलं?"

प्रमोदचं नाव गुरुनाथच्या ओठांवर आलं होतं. "माझ्या बायकोने. पण कापलं नाही, खरंच! नुसतं दुमडलंय."

मोरागने टाक्यांवरून अंगठा फिरवला. "शिलाई छान आहे," ती म्हणाली. "चुकीच्या जागी आहे, पण छान आहे. हे सगळं उसव. बकलं सरकवून घे, म्हणजे घेर वाढेल. चुण्या मागे, सपाट बाजू पुढे, दशा उजव्या हाताला. पिन फक्त वरच्या पल्ल्याला लावायची, दोन्ही पल्ले टाचलेस तर पहिल्यांदा बसशील तेव्हा फाडशील. आणि पुढच्या वेळी कंबर विचारली तर टेप लाव. लेबल वाचू नकोस."

ती उठली. गुरुनाथला उठायला हेमीने हात दिला. "माझ्या वेळी मी तर मागचं पुढे घालून आलो होतो," तो कानात म्हणाला. "स्वीट अ‍ॅज. चालतं सगळं."

त्या आठवड्यात गुरुनाथला कंबरेने झपाटलं. ऑफिसात सकाळच्या मीटिंगला सगळे गोलात उभे राहिले की तो कामाचं ऐकण्याऐवजी एकेकाचा बेल्ट बघत बसे. कुणाचा बेंबीवर, कुणाचा पार खाली, आणि त्यांच्या मॅनेजरचा तर पुढून खाली नि मागून वर, डोंगर उतारावर कुंपण घालावं तसा. इतक्या शिकलेल्या लोकांत कंबर कुठे आहे याबद्दल एकमत नाही, हे आजवर आपल्या कसं लक्षात आलं नाही? शेवटी मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुनाथ, एव्हरीथिंग ओके?" तेव्हापासून तो छताकडे बघू लागला.

घरी दमयंतीने टेप आणला. बेंबीच्या वरून भरला तर आकडा एकेचाळीस आला.

"एकेचाळीस?" गुरुनाथ हबकला. "मग हे छत्तीस कुणाचं?"

"तुझ्या पँटचं. तू गेली वीस वर्षं पोटाला वगळून मोजतोयस." तिने टेप गुंडाळला. "आम्ही साडी कुठे खोचतो? बेंबीपाशी. का? तिथेच ती टिकते. पुरुषांना कंबर दाखवायला स्कॉटलंडची बाई यावी लागली."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

उसवायला पुन्हा दोन संध्याकाळी गेल्या. या वेळी गुरुनाथ शेजारी बसून टाके कापत होता आणि शिव्या कुणाला द्यायच्या याबद्दल दोघांचं एकमत होतं. दुमडल्याची रेघ कापडावर उमटली होती, ती व्हिनेगरच्या पाण्याचा ओला रुमाल ठेवून इस्त्रीने घालवली. घरभर लोणच्याचा वास सुटला. मग बकलं काढून काठाशी सरकवली आणि किल्ट खऱ्या कंबरेवर चढवला.

घेर जमला. दमयंतीने मागून पाहिलं. "मागे बरोबर आहे."

मैत्रेयीने पुढून पाहिलं. "फ्रंट इज हायर. लाइक, हीप्स हायर."

खरंच होतं. पोटाच्या घुमटावरून जाताना पुढच्या कापडाला जास्त वाट चालावी लागत होती, त्यामुळे पुढची किनार वर उचलली गेली होती. गुरुनाथ बघायला वाकला की ती खाली यायची. सरळ झाला की पुन्हा वर. तो वाकायचा आणि म्हणायचा, "आहे की बरोबर!" मग दोघी एका सुरात ओरडायच्या. शेवटी तो दिवाणखान्यात गुडघे टेकून भिंतीकडे बघत राहिला, दमयंती मागून किल्ट बोट बोट वर चढवत गेली आणि मैत्रेयी गालिच्यावर आडवी पडून फोनवर फोटो काढत राहिली. "अप. अप. स्टॉप! नो, मागे... मागे आणखी." एक मराठी शब्द निसटलेला पाहून गुरुनाथ इतका खूश झाला, की तो वळला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

पण अखेर जमलं. मागे जरा वर, पुढे जरा खाली, चारी बाजूंनी किनार जमिनीपासून बोटभर. उभा राहिला तर गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध. गुरुनाथने आरशात पाहिलं. पोट दिसतच नव्हतं. म्हणजे होतं तिथेच होतं, पण आता ते कुठेतरी आत, एका सरळ उभ्या माणसाचा भाग झालं होतं. कंबर सापडली की माणूस ताठ उभा राहतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"चांगला दिसतोयस," दमयंती म्हणाली. मग लगेच, "बकलं कच्ची शिवली आहेत हं. चामड्याला जाड दोरा हवा, तो उद्या आणते."

"कशाला? साध्या दोऱ्याने चालेल." गुरुनाथ स्ट्रक्चरल इंजिनिअर होता, इमारतींचे खांब किती वजन पेलतील हे ठरवून त्याचं घर चालत होतं. त्याने हवेत बोटाने हिशेब केला. "किल्टचं वजन एवढं, ते दोन पट्ट्यांत वाटलं जाणार, दोरा डबल. दुप्पट सेफ्टी आहे."

हिशेब बरोबर होता. फक्त तो श्वास न घेणाऱ्या माणसाचा होता.

स्कॉटिश दिवसाला ऊन लख्ख होतं आणि वारा सुटला होता. मैदानाच्या कडेला तंबू, गरम सॉसेजचा धूर, नाचाच्या स्पर्धेसाठी केस घट्ट बांधलेल्या लहान मुली. मोरागने बँडची ओळ लावली, एकेकाला गुडघे टेकायला लावले आणि ओळीच्या शेवटी गुरुनाथपाशी आली. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली. मोरागकडून तो शब्द अख्ख्या दिवसात फक्त त्याला मिळाला. चार जुन्या पायपरांना तिने किल्ट वर ओढायला लावला होता.

मोठा ड्रम छातीवर आला. तो एका हार्नेसवर टांगलेला असतो. खांद्यावरून दोन पट्टे आणि मागून कंबरेभोवती एक. ड्रमला ओरखडे पडू नयेत म्हणून मोठ्या ड्रमवाल्याला ना कमरेचा जाड पट्टा, ना पुढे लटकणारी केसाळ थैली. पाइपांमध्ये हवा भरली, मोरागने काठी उंचावली, आणि गुरुनाथने पहिला ठोका दिला.

ढोल वाजवणारा माणूस हाताने वाजवत नाही, पोटातून वाजवतो. पहिल्या ठोक्यालाच गुरुनाथने सवयीने छाती भरून श्वास घेतला आणि डाव्या कुशीला काहीतरी टुचकन तुटलं. आतला पट्टा गेला. तो दचकला, पण ठोका चुकला नाही. अजून बाहेरचा आहे, तो स्वतःला म्हणाला, दुप्पट सेफ्टी म्हणतात ती हीच. बँड वळला, वारा समोरून आला, लोक टाळ्या वाजवू लागले. गर्दीत दमयंती आणि मैत्रेयी दिसल्या, आणि मैत्रेयी चक्क शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन त्याच्याकडे बोट दाखवत होती. गुरुनाथचं मन भरून आलं. मनाबरोबर छातीही भरून आली.

टुच्च.

दुसरं बक्कल उडून गवतात पडलं. गुरुनाथला ते लख्ख चमकताना दिसलं आणि मागे पडताना दिसलं. एक भयंकर क्षण त्याने वाट पाहिली. पण किल्ट पडला नाही. मागच्या चुण्या हार्नेसच्या पट्ट्याखाली दाबलेल्या होत्या, पुढचे पल्ले ड्रम आणि पोट यांच्यामध्ये चेपलेले होते. म्हणजे आता किल्टला धरून ठेवणारी जगात एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे ड्रम. आत होती ती नाडीची, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. दमयंतीच्या आईने दर दिवाळीला पाठवलेल्यांपैकी.

यानंतर गुरुनाथने जे वाजवलं ते मोराग पुढे बरेच दिवस सांगत असे. पोट पुढे रोवून, पाठ ताठ, नजर नाकासमोर, पावलं छोटी आणि ठोका असा ठाम की पायपरांना चुकायची सोयच राहिली नाही.

संचलन संपलं. टाळ्या झाल्या. मोराग म्हणाली, "ड्रम उतरवा. चहा."

सगळ्यांनी ड्रम उतरवून गवतावर ठेवले. गुरुनाथ उभाच राहिला.

"गुरू, उतरव की. थकला असशील."

"नाही, ठीक आहे."

"स्कोन आहेत. जॅम आहे. ड्रम घालून कसा खाणार?"

"नको. मी... ड्रम उतरवत नाही."

"का?" मोरागने विचारलं. तिच्या मागे बाकीचे वळून बघू लागले. मैत्रेयी मैत्रिणींसह धावत येत होती. दमयंती मागून येत होती, तिच्या पर्समध्ये सेफ्टी पिना नक्की असणार होत्या, पण ती अजून तंबूच्या पलीकडे होती.

"आमच्याकडे पद्धत आहे," गुरुनाथच्या तोंडून निघून गेलं. "मिरवणूक झाली की ढोल लगेच खाली ठेवत नाहीत. सगळ्यांचं खाणं होईपर्यंत अंगावरच ठेवतात. मान म्हणून."

अशी पद्धत पुण्यात कुठेही नव्हती. तिथे मिरवणूक संपली की ढोल आधी उतरायचा आणि मग माणूस आडवा व्हायचा. पण मोरागचा चेहरा बदलला. तिने खांदे मागे घेतले.

"ड्रमवाले!" ती कडाडली. "ड्रम चढवा!"

"नाही नाही, फक्त मी..."

"गुरूच्या देशात वाद्याचा मान असा ठेवतात आणि आपण चहासाठी गवतात फेकतो. लाज वाटली पाहिजे. चढवा!"

ड्रमवाले कुरकुरत उठले. त्यांनी ड्रम चढवले. हेमीने क्षणभर विचार केला आणि आपला बॅगपाइप काखेत मारला. मग बाकीच्या पायपरांनाही पाइप खाली ठेवणं प्रशस्त वाटेना. पाच मिनिटांत अख्खा बँड वाद्यांसकट चहाच्या टेबलाभोवती उभा होता. छोटे ड्रमवाले ड्रमवरच बशा ठेवून खात होते. पायपर जॅमकडे वाकले की त्यांच्या काखेतून अधूनमधून कण्हल्यासारखा सूर निघे. गुरुनाथचा ड्रम इतका मोठा की त्याचे हात तोंडापर्यंत पोचत नव्हते.

दमयंती पोचली. तिने एकदा ड्रमकडे, एकदा मोकळ्या लोंबणाऱ्या पट्ट्याकडे, एकदा नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्या गोडसर पावासारख्या स्कोनचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला.

"दोन्ही?" ती हळूच म्हणाली.

"दोन्ही."

"सेफ्टी किती होती?"

"दमयंती, प्लीज."

"पत्नी भरवते!" मोराग शेजारच्या बाईला कौतुकाने सांगत होती. "हाही पद्धतीचाच भाग असणार."

समितीच्या अध्यक्षांनी येऊन हात मिळवला. बँडचा वाद्यांसह, बशांसह फोटो निघाला. तो सगळा वेळ गुरुनाथ मधोमध उभा होता आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीला पोट पुढे दाबत होता. शेवटी मैत्रेयी आली. तिने मागून वाकून पाहिलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं. ती गाडीतून पिकनिकची मोठी चादर घेऊन आली, मैत्रिणींना सांगितलं, "माय डॅड नीड्स टू डू हिज प्रेअर नाऊ," आणि त्याला घोड्यांच्या ट्रेलरमागे घेऊन गेली. तिथे तिने चादर धरली, डोळे घट्ट मिटले, आणि दमयंतीने सात पिनांत नवऱ्याला पुन्हा उभं केलं.

"बाबा," मैत्रेयी डोळे मिटूनच म्हणाली, "यू वेअर सो गुड." 'बाबा' हा शब्द गुरुनाथने तिच्या तोंडून बालवाडीनंतर ऐकला नव्हता. त्याची छाती पुन्हा भरून यायला लागली. "श्वास घेऊ नकोस!" दमयंती ओरडली.

रॉनचा खुबा बरा झाला, पण तो म्हणाला की मला आता बसून ऐकायचंय, आणि गुरुनाथ बँडमध्ये कायमचा झाला. त्याच्यासाठी नवा किल्ट शिवला, कंबर एकेचाळीस, बकलं कारखान्यातली.

पुढच्या वर्षीचा स्कॉटिश दिवस. संचलन झालं, आणि मोरागने काही सांगायच्या आत सगळे वाद्यं घालूनच चहाच्या टेबलाकडे निघाले. नवी आलेली छोट्या ड्रमची मुलगी, कॉलेजात शिकणारी, गोंधळून उभी राहिली. स्कोन हातात, ड्रम पोटावर.

"मोराग, आपण हे ड्रम काढत का नाही?"

मोरागने चहाचा घोट घेतला. गुरुनाथ शेजारीच होता; त्याने जीव मुठीत धरला.

"जुनी रीत आहे," मोराग म्हणाली. "हायलँड्समधली. डोंगरातले लोक वाद्य खाली ठेवत नसत."

"हो? किती जुनी?"

"ते कुणालाच माहीत नाही." आणि ती जॅमकडे वळली.

मुलीने आदराने ड्रमवरून हात फिरवला. दमयंतीने गुरुनाथला कोपराने ढोसलं. "अरे, सांग की तिला. बोल काहीतरी."

गुरुनाथने तोंड उघडलं आणि दमयंतीच्या हातातल्या स्कोनकडे नेलं.

"जाऊ दे," तो खाता खाता म्हणाला. "लोकांच्या परंपरेत आपण कशाला पडायचं?"